वाडा तोच, बिऱ्हाड नवे

मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम वाढू लागले, की हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. अशा वेळी डॉक्टर काही रुग्णांना एक भुकटी पाण्यात कालवून प्यायला देतात. ही भुकटी रक्तात शोषली जात नाही. आतड्यात राहून ती स्वतःजवळचे कॅल्शियम किंवा सोडियम सोडते, त्या जागी पोटॅशियम धरते आणि शौचावाटे बाहेर पडते. शेतकऱ्यालाही हा व्यवहार वेगळ्या रूपात ठाऊक असतो. चोपण झालेल्या जमिनीत तो जिप्सम घालतो. जिप्सममधले कॅल्शियम मातीच्या कणांवर चिकटलेल्या सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जाते. मातीच्या या गुणाची पद्धतशीर नोंद थॉम्प्सन आणि वे या दोन इंग्रज संशोधकांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केली. विद्युतभार असलेल्या कणांना ‘आयन’ म्हणतात. एक आयन बाहेर आणि दुसरा आत, या देवघेवीचे नाव आयनांची अदलाबदल.

हीच जुनी युक्ती रसायनशास्त्रज्ञ आता अतिशय पातळ स्फटिकांवर वापरत आहेत. हे स्फटिक अर्धवाहक पदार्थांचे असतात, म्हणजे संगणकाच्या चिपमध्ये किंवा एलईडी दिव्यात असतात त्या जातकुळीचे. आणि त्यांची जाडी जेमतेम चार-पाच अणुथरांची असते. त्यांच्या उजेडात शरीराच्या आतले पाहता येईल, अशी आशा आहे. पण ते बहुधा कॅडमियम, पारा, शिसे अशा धातूंपासून बनतात आणि या धातूंची वैद्यकशास्त्राला चांगलीच ओळख आहे. त्यामुळे स्फटिक किती तेजस्वी आहे, याबरोबरच त्यातला धातू किती घट्ट बसला आहे, हेही विचारावे लागते.

जाडी ठरवते रंग

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कॅडमियम सेलेनाइडची एक चकती साधारण १.२ नॅनोमीटर जाडीची असू शकते. माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटर जाड धरला, तर त्याची जाडी भरून काढायला अशा साठ हजारांहून अधिक चकत्या एकावर एक रचाव्या लागतील.

इतक्या लहान जागेत पदार्थाचे वागणे बदलते. अर्धवाहकावर प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि परतताना प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा सोडतो. स्फटिक मोठा असेल तर त्या प्रकाशाचा रंग पदार्थावरून ठरतो. स्फटिक काही नॅनोमीटरचा झाला की इलेक्ट्रॉन कोंडला जातो, आणि जागा जितकी अपुरी तितकी त्याची ऊर्जा वाढते. त्यामुळे एकाच पदार्थाचा मोठा कण तांबडा आणि लहान कण निळा प्रकाश देतो.

सोव्हिएत संघात अलेक्सेई एकिमोव्ह यांना १९८०च्या दशकाच्या आरंभी रंगीत काचेतल्या कॉपर क्लोराइडच्या कणांत हा परिणाम दिसला. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत लुई ब्रूस यांनी तो द्रवात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत पाहिला. हे कण हव्या त्या आकाराचे आणि एकसारखे बनवण्याची पद्धत मौंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये दिली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे गोल कण म्हणजेच क्वांटम डॉट; काही टीव्हींच्या पडद्यातही ते असतात.

गोल कणांची एक अडचण राहते. एकाच घाण्यातले सगळे लाडू एका मापाचे वळले जात नाहीत, तसे हे कणही किंचित लहान-मोठे निघतात आणि त्यांचा एकत्रित रंग थोडा पसरट होतो. पॅरिसमध्ये सँद्रीन इथुरिया आणि बेनुआ दुबेर्त्रे यांनी २००८ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या गोळ्यांऐवजी सपाट चकत्या बनवून दाखवल्या. पापड आकाराने लहान-मोठा असला तरी जाडीला सारखा असू शकतो, तसेच या चकत्यांचे असते. त्यांच्या बाबतीत रंग मुख्यतः जाडीवर ठरतो. जाडी अणुथरांत मोजायची, आणि साडेचार थर असा प्रकार नसतो. चार तरी किंवा पाच तरी. म्हणून रंगही जिन्याच्या पायऱ्यांसारखे ठरावीक मिळतात. जाडी एकेका थराने वाढवत नेली, तर प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४६२, ५१२ आणि ५५० नॅनोमीटर अशी येते, म्हणजे निळा, हिरवा आणि पिवळसर हिरवा. प्रत्येक रंगाचा पट्टा साधारण दहा नॅनोमीटर रुंदीचा, म्हणजे फार अरुंद असतो.

गोळा होण्याऐवजी चकती का होते, याचे एक पटणारे उत्तर झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दिले. चकतीची कड अतिशय अरुंद असते आणि अशा अरुंद बाजूवर नवा थर चढायला कमी ऊर्जा लागते. त्यामुळे चकती बाजूंनी भराभर वाढते आणि जाडीत मात्र तेवढीच राहते. ही पाककृती कॅडमियमच्या संयुगांत उत्तम जमते. पारा, शिसे किंवा जस्ताच्या संयुगांत अशी नेमकी जाडी थेट साधणे फार अवघड जाते. अदलाबदलीची गरज पडते ती इथे.

भिंती जागेवर, भाडेकरू बाहेर

कॅडमियम सेलेनाइडच्या स्फटिकात दोन प्रकारचे आयन असतात. सेलेनियमचे ऋण आयन आकाराने मोठे असतात आणि फारसे हलत नाहीत. त्यांची रचना वाड्याच्या भिंतींसारखी असते. कॅडमियमचे धन आयन लहान असतात आणि भिंतींमधल्या खोल्यांत राहतात. आता या स्फटिकांच्या द्रावणात चांदीचे आयन सोडले, तर ते आत शिरतात आणि कॅडमियम बाहेर पडते. कॅडमियमवर दोन धनभार असतात, चांदीवर एक. त्यामुळे हिशेब जुळण्यासाठी एक कॅडमियम बाहेर पडले की चांदीचे दोन आयन आत येतात. भिंती तशाच राहिल्या की वाड्याचा आकारही तोच राहतो; फक्त बिऱ्हाड बदलते आणि पदार्थच दुसरा होतो.

अमेरिकेत बर्कलीमधील पॉल अॅलिव्हिसॅटोस यांच्या गटाने २००४ मध्ये हे ठसठशीतपणे दाखवले. मोठ्या घन तुकड्यात अशी अदलाबदल अतिशय संथपणे होते, कारण आयनांना आतवर वाट काढत जावे लागते. चार नॅनोमीटरच्या स्फटिकात ती साध्या तापमानाला सेकंदाच्या आत पूर्ण झाली. परिस्थिती बदलून त्यांनी चांदी बाहेर काढून कॅडमियम परत आतही बसवले. याच प्रयोगात एक मर्यादाही दिसली. स्फटिक एका ठरावीक जाडीहून बारीक असेल, तर अदलाबदल होताना भिंतीही खचतात आणि स्फटिक आपला मूळ आकार सोडून देतो. चार-पाच थरांच्या चकत्यांना म्हणूनच फार जपून हाताळावे लागते.

कोण आत जाणार आणि कोण बाहेर पडणार, हे कशावरून ठरते? एक कारण विद्राव्यतेचे. नव्या धातूचे संयुग जुन्यापेक्षा कमी विरघळणारे असेल, तर ती अदलाबदल सहज घडते. दुसरे कारण द्रावणात बाहेर थांबलेल्या मदतनीस रेणूंचे. राल्फ पिअर्सन यांनी १९६३ मध्ये मांडलेला एक नियम इथे उपयोगी पडतो: काही धातू ‘मऊ’ स्वभावाचे असतात आणि त्यांना गंधक किंवा फॉस्फरस असलेले रेणू जवळचे वाटतात, जस्तासारखे त्याहून ‘कठीण’ धातू ऑक्सिजन आणि नायट्रोजनशीही सहज जमवून घेतात. फॉस्फरस असलेला योग्य रेणू द्रावणात घातला, तर तो तांब्याच्या किंवा चांदीच्या आयनांना स्फटिकातून बाहेर ओढून घेतो आणि मोकळ्या जागी दुसरा धातू बसतो.

वैद्यकाला ही ओढाताण नवी नाही. शिशाची विषबाधा झालेल्या रुग्णाला कॅल्शियम ईडीटीए हे औषध शिरेतून देतात. हा रेणू आपल्याजवळचे कॅल्शियम सोडतो, शिसे पकडतो आणि लघवीवाटे बाहेर नेतो. पाऱ्याच्या विषबाधेवर दिली जाणारी औषधे गंधकाच्या जोरावर पारा पकडतात. प्रयोगशाळेतला मदतनीस रेणू आणि रुग्णालयातला उतारा, दोघांचे काम एकच: धातूला आधीच्या जागेपेक्षा अधिक सोयीची जागा देणे.

काही वेळा थेट अदलाबदल जमत नाही आणि मधल्या भाडेकरूची मदत घ्यावी लागते. कॅडमियमच्या चकत्यांत जस्त सरळ घुसवणे कठीण जाते. म्हणून आधी कॅडमियमच्या जागी तांबे बसवतात आणि मग तांबे काढून जस्त किंवा शिसे आणतात. २०१४ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी या दोन टप्प्यांनी जस्ताच्या आणि शिशाच्या पातळ चकत्या मिळवल्या. पाऱ्याचे काम त्या मानाने सोपे ठरले. कॅडमियम टेल्युराइडच्या स्फटिकातला मूळ चौकोन ०.६४८ नॅनोमीटरचा आणि मर्क्युरी टेल्युराइडचा ०.६४६ नॅनोमीटरचा. मापे इतकी जवळची असल्याने बिऱ्हाड बदलताना भिंतींवर ताण जवळपास येत नाही. २०१६ मध्ये पॅरिसमध्येच अशा पाऱ्याच्या चकत्या साध्या तापमानाला तयार झाल्या. मूळच्या चकत्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश देत होत्या. नव्या चकत्यांचा प्रकाश ८८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात आला.

शरीराची प्रकाश-खिडकी

अवरक्त प्रकाशाचे एवढे महत्त्व का, हे अंधारात तळहाताखाली टॉर्च धरली की कळते. हात लालसर उजळतो, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते आणि तांबडा पार होतो. तरंगलांबी फारच वाढवली तर शरीरातले पाणी प्रकाश शोषू लागते. मध्ये साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरची एक खिडकी उघडी राहते, आणि तिच्याही पुढे १००० ते १७०० च्या दरम्यान दुसरी, पाण्याने मधेमधे थोडी झाकोळलेली. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेले ऑक्सिमीटर पहिल्या खिडकीचाच उपयोग करते. बोटातून ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पाठवून ते रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेते.

शस्त्रक्रियागृहातही या खिडकीचा वापर होतो. इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग शिरेतून दिला, की विशेष कॅमेऱ्यात तो सुमारे ८३० नॅनोमीटरच्या प्रकाशाने चमकतो. आतड्याच्या जोडलेल्या टोकाला रक्तपुरवठा नीट आहे का, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत नेमकी कोणती लसिकाग्रंथी आधी तपासायची, हे त्यावरून पाहता येते. या रंगाचा पट्टा मात्र पसरट असतो आणि प्रकाशात तो हळूहळू फिका पडतो. अरुंद पट्ट्याच्या आणि टिकाऊ प्रकाशाच्या नॅनोस्फटिकांचे आकर्षण वाटते ते यामुळे. एकाच वेळी दोन-तीन वेगळ्या खुणा दोन-तीन रंगांनी दाखवता आल्या, तर शल्यचिकित्सकाला त्या हव्याच असतील.

तुलना इथे थांबवली तर ती अर्धवट राहील. इंडोसायनिन ग्रीन काही मिनिटांत यकृताकडे जाते आणि पित्तातून बाहेर पडते. धातूचा स्फटिक इतक्या मुकाट्याने निघून जाईलच असे नाही.

सोपा प्रवेश, सोपी सुटका

चार थर सेलेनियमचे असलेल्या चकतीत कॅडमियमचे पाच थर असतात, कारण वरचा आणि खालचा दोन्ही पृष्ठभाग कॅडमियमचे असतात. पाचांतले दोन थर उघड्यावर, म्हणजे चकतीतले ४० टक्के कॅडमियम बाहेरच्या जगाला भिडलेले. अदलाबदल चटकन होते याचे हे एक कारण आहे. शरीरात गेल्यावर कॅडमियम चटकन सुटू शकते, याचेही कारण तेच.

पेशी बाहेरचा कण गिळते तेव्हा तो एका आम्लयुक्त कप्प्यात पोहोचतो. तिथे स्फटिक झिजू शकतो. आजूबाजूला गंधक असलेल्या प्रथिनांची कमतरता नसते आणि मऊ धातूंना तर गंधक हवेच असते. अमेरिकेतील संशोधकांनी २००४ मध्ये यकृताच्या पेशींवर दाखवले, की कॅडमियम सेलेनाइडचे उघडे क्वांटम डॉट हवेच्या किंवा अतिनील प्रकाशाच्या संपर्कात आले की त्यांतून कॅडमियम सुटते आणि पेशी मरतात. बाहेरून झिंक सल्फाइडचे कवच चढवल्यावर हा परिणाम बराच घटला, पण पूर्णपणे थांबला नाही. २०१२ मध्ये माकडांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. कवच असलेले असे कण शिरेतून दिल्यावर ९० दिवसांत माकडांमध्ये आजाराची ठळक लक्षणे दिसली नाहीत. मात्र दिलेल्या कॅडमियमचा बहुतांश भाग ९० दिवसांनंतरही यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडांत तसाच होता.

९० दिवस हा काळ कॅडमियमच्या हिशेबात थोडा आहे. मूत्रपिंडात ते गंधकाने समृद्ध अशा मेटॅलोथायोनिन या प्रथिनाला बिलगून बसते आणि त्याचा निम्मा साठा घटायला दहा ते तीस वर्षे लागू शकतात. जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीचे पाणी खाणीतल्या कॅडमियमने दूषित झाले होते. ते पाणी भातशेतीला दिले जाई. तिथल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे मऊ झाली आणि साध्या हालचालीनेही मोडू लागली. वेदनेच्या उद्गारावरून या रोगाला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाने झालेला रोग असल्याचे मान्य केले. शिशावर आणि पाऱ्यावर धातू ओढून काढणारी औषधे आहेत. वर्षानुवर्षे साचलेल्या कॅडमियमवर तसा भरवशाचा उतारा नाही.

आपल्या हाडांतही आयनांची अदलाबदल सतत चालू असते. हाडातले खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे, काही नॅनोमीटर जाडीचे चपटे स्फटिकच. कॅल्शियमच्या जागी त्यात शिसे शिरते आणि दशके राहते. गरोदरपणात बाळासाठी हाडांतले कॅल्शियम सुटू लागले, की जुने शिसेही त्याबरोबर रक्तात येऊ शकते. या गुणाचा चांगला उपयोगही होतो. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना कमी करण्यासाठी किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम देतात. शरीर त्याला कॅल्शियमसारखेच वागवते आणि नेमके हाडांत नेऊन ठेवते. धातू शरीरात गेला म्हणजे तो नुसता फिरत राहतो, असे होत नाही. तो आपली जागा शोधतो, आणि जागा मिळाली की सहसा लवकर उठत नाही.

कॅडमियममुक्त म्हणजे किती मुक्त?

यावर उपाय म्हणून अदलाबदलीचाच आधार घेता येईल, असे वाटू शकते. कॅडमियमच्या साच्यात चकती घडवायची आणि नंतर कॅडमियम काढून जस्तासारखा सौम्य धातू बसवायचा. कल्पना चांगली आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे जस्ताच्या चकत्यांचा प्रकाश निळ्या-जांभळ्या बाजूला सरकतो. शरीराच्या खिडकीत बसणारा प्रकाश त्या देत नाहीत. तो पारा आणि शिसे देतात, आणि ते कॅडमियमइतकेच नकोसे पाहुणे आहेत. दुसरी अडचण उरलेल्यांची. बिऱ्हाड हलले तरी एखादा जुना भाडेकरू मागे राहतोच. अॅलिव्हिसॅटोस यांच्याच गटाने २०१२ मध्ये दाखवले, की अदलाबदलीनंतर स्फटिकात अडकून राहिलेले मोजके परके आयनही त्याचा प्रकाश दाबतात. ते काढून टाकल्यावर स्फटिक चांगला उजळतो. प्रकाशासाठी थोडे आयनही जास्त ठरतात, तर आरोग्यासाठी किती चालतील, हे मोजूनच ठरवावे लागेल. विद्युत उपकरणांच्या बाबतीत युरोपीय संघाने एकसंध पदार्थात वजनाने ०.०१ टक्के कॅडमियमची मर्यादा घातली आहे. शिरेतून द्यायच्या औषधाची कसोटी अर्थातच याहून कितीतरी कडक असायला हवी.

अधिक सरळ वाट म्हणजे साच्यातच कॅडमियम न वापरणे. नेदरलँड्समधील उट्रेक्टच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कॉपर सल्फाइडच्या स्फटिकातले काही तांबे काढून तिथे इंडियम बसवले आणि प्रकाश देणारे कॉपर इंडियम सल्फाइड मिळवले. तिथे बदली अर्धवट ठेवणे हेच कौशल्य होते. सगळे तांबे काढले असते तर हवा तो पदार्थ मिळाला नसता. सिल्व्हर सल्फाइडचे कणही दुसऱ्या खिडकीत प्रकाश देतात आणि त्यांवरही काम चालू आहे. तांबे, इंडियम किंवा चांदी म्हणजे पूर्ण निर्धोक असे कुणी म्हणणार नाही. पण तपासाची सुरुवात तरी कमी धोक्यापासून होते.

आज असे अर्धवाहक स्फटिक रुग्णाच्या शरीरात टोचण्याच्या नेहमीच्या वापरात नाहीत. त्यांचा पहिला उपयोग शरीराबाहेरच होणे शहाणपणाचे आहे: रक्ताच्या थेंबातला रोगाचा पुरावा दाखवणाऱ्या तपासणी-पट्टीत, किंवा त्वचेतून आलेला क्षीण अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या संवेदकात. तिथे धातू काचेच्या किंवा प्लास्टिकच्या आवरणात बंद राहतो. अर्थात वापरून झालेली पट्टी शेवटी कुठे जाते, हा प्रश्न तिथेही उरतोच. ती उघड्यावर जाळली किंवा कचऱ्यात मिसळली, तर धातू माती-पाण्यात परत येणार, आणि तोयामात तो भातातूनच ताटात आला होता.

येत्या काळात ‘नॅनोस्फटिकांनी कर्करोग उजळला’ अशा बातम्या वाचायला मिळतील. त्यात उंदरांची सुंदर रंगीत चित्रेही असतील. ती पाहताना तीन साधे प्रश्न जवळ ठेवावेत. स्फटिकात कोणता धातू आहे आणि तो बनवताना आधी कोणता होता? जुन्यापैकी किती उरला, हे मोजले आहे का? आणि शरीरात गेलेला धातू किती दिवसांत, कोणत्या वाटेने बाहेर पडला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘अजून यकृतातच आहे’ असे असेल, तर चित्र कितीही देखणे असले तरी ते औषध व्हायला अजून वेळ आहे.